न्हाव्याने विचारलं नाही

काल रेम्झीने मला न विचारता
कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला, पेटवला
आणि माझ्या दोन्ही कानांवर फट् फट् मारला.
केस जळाल्याचा वास आला.
इझमीरच्या न्हाव्यांची ही जुनी रीत,
मला ठाऊक आहे, पण ती म्हाताऱ्यांसाठी.
आरशातून मागे पाहिलं, कोण बसलंय.
बाकडं रिकामं होतं.

तीस वर्षं हा माणूस विचारत आला,
'पुढून किती ठेवू, सित्की आबी?'
आता पुढचा प्रश्नच मिटला.
डोक्यावरचे एकेक करून निवृत्त झाले,
निरोपसमारंभसुद्धा न मागता,
आणि ज्यांना मी कधी खिजगणतीत धरलं नव्हतं
ते अक्षरशः कानामागून आले
आणि तिखट झाले.

तिथून निघालो, कार्शियाकाच्या धक्क्यावर बोट धरली.
ह्याच बोटींवर मी एकतीस वर्षं तिकिटं तपासली.
फुकटी पोरं मला पाहिलं की
वरच्या डेकवर पळायची, सीगलांच्या आडोशाला.
काल एक पोरगा मला पाहून ताडकन उठला.
म्हटलं, वा! अजून दरारा आहे.
सवयीने तिकिटासाठी हात पुढे केला.
'सांभाळून हं, आजोबा,' तो म्हणाला,
आणि तोच हात धरून
मला त्याच्या जागेवर बसवलं.

आबी म्हणजे दादा.
दादाचा काका झालो तेव्हा मी भाजीवाला बदलला होता.
आजोबा झालो तो भर समुद्रात,
उतरून कुठे जाणार?

पलीकडे कोनाकला हालित पट मांडून बसलेला.
आमच्याकडे नजर अधू झालेल्याला म्हणतात,
ह्याला सहाचे पाच दिसतात.
मला सहाचे पाच, हालितला पाचाचे सहा,
म्हणजे दोघांत मिळून हिशेब चोख.
तरी फासे पडले की भांडण होतंच.
मग चहावाल्या पोराला हाक मारतो.
तो फोनमधून मान वर न काढता सांगतो, 'तीन-एक.'
आम्ही मान्य करतो.
तरुण पिढीवर विश्वास ठेवायला हवा.

हालितला गुडघ्याची नवी डॉक्टरीण हवी होती.
मी सोमवारीच जाऊन आलोय, म्हटलं, चांगली आहे,
फक्त माझ्या ओव्हरकोटाहून लहान आहे.
कोट अठ्ठ्याऐंशीचा. तिचं साल
मी भिंतीवरच्या पदवीवरून काढलं,
म्हणजे काढायला लावलं, नर्सला.
कोट तसा उत्तम आहे, एकदा अस्तर बदललं.
माझं अस्तर तपासून ती म्हणाली,
'तुमच्या वयाच्या मानाने छान.'
पूर्वी लोक नुसतं 'छान' म्हणायचे
आणि थांबायचे.

संध्याकाळी घरी. पाण्यासाठी खुर्चीतून उठलो
आणि उठता उठता आवाज आला,
ओला दोरखंड खुंटाला पीळ घालताना कुरकुरतो तसा,
शेवटाला एक लांबलचक 'याऽ अल्लाह'.
स्वयंपाकघरातून नेर्मिन घाईने ओरडली,
'आले, आले, बाबा, चहा ठेवलाय—'
आणि एकदम गप्प.

बाबा जाऊन एकोणीस वर्षं झाली.

ती दारात आली,
हातात भात भरलेली अर्धी ढब्बू मिरची.
मी खुर्चीचा हात धरून उभा.
बराच वेळ कुणी काही बोलेना.
मग माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघत
ती म्हणाली,
'ते नाकातून काढायचे. तू घशातून काढतोस.
सराव हवा अजून.'

मी पुन्हा बसलो.
पुन्हा उठून पाहिलं.